नमुना कार्डावर गोंदानं लावलेली बटणं पडतात. दुसरं काही सोपं साधन आहे का?

गोंद वापरू नका. ग्लू गन नको, पांढरा डिंक नको, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपही नको.

तुम्ही लिहिलंय की नाशकात मॅचिंगचं दुकान टाकताय, दीडेकशे प्रकारची बटणं आहेत, कार्डावर चिकटवली तर आठवडाभरात गळायला लागतात, आणि यासाठी एखादं यंत्र घ्यावं का. मी पुण्यात, रविवार पेठेत, सासऱ्यांच्या दुकानात सव्वीस वर्षं बसते आहे. नेमक्या याच गोष्टीवरून आमच्या घरात पंधरा वर्षं वाद चाललाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साधन अगदी साधं आहे. आमचे अप्पा, म्हणजे सासरे, त्याला आकडा म्हणायचे, कारण तो केसांच्या आकड्यासारखाच दिसतो. २२ गेजची पितळी तार घ्यायची, दीड-दोन इंचांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा खिळ्याभोवती वाकवायचा. अप्पांनी त्यासाठी एका फळीवर खिळा ठोकून ठेवला होता. ती फळी अजून गल्ल्याखाली आहे. वाकवताना एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा लांब ठेवायचा. हे महत्त्वाचं आहे, कारण उलगडताना नख लांब पायाखाली जातं. बटणाच्या दोन भोकांतून समोरून आकडा घालायचा, पुठ्ठ्याला दाभणानं आधीच पाडलेल्या दोन छिद्रांतून मागे काढायचा आणि पाय विरुद्ध दिशांना पसरून सपाट दाबायचे. बटण चार भोकांचं असेल तर आकडा तिरपा घाला, चांगला बसतो. कडीच्या, म्हणजे भोकांऐवजी मागे कडी असलेल्या, बटणाला तर याहून सोपं. पंचानं पुठ्ठ्याला कडी जाईल एवढं भोक पाडायचं, कडी मागे काढायची आणि तिच्यात आकडा आडवा सरकवायचा, कोयंड्यात खिटी घालावी तसा. बटण समोर घट्ट बसतं, हलत नाही, आणि हवं तेव्हा दहा सेकंदांत हातात येतं.

हे ‘हातात येतं’ फार महत्त्वाचं आहे. तुम्ही सगळा विचार बटण पडू नये असा केलाय. नमुना कार्डावरचं बटण निघालंही पाहिजे. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन येतं, बटण त्यावर ठेवून बघतं. ट्यूबलाइटखाली बाटलीहिरवं आणि शेवाळी एकसारखंच दिसतं. दारात उजेडात नेलं की फरक कळतो. पूर्ण कार्ड नेलं तर शेजारची चाळीस बटणं डोळ्यांसमोर नाचतात आणि नजर फसते. एकटं बटण कापडावर, तेही काज जिथं येणार तिथं ठेवून बघायला हवं.

आता गोंदाची गोष्ट. अप्पांचे गुडघे गेल्यावर ते दुकानात येईनासे झाले आणि कार्डांचं काम भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, हातात घेतलं. त्यांचं म्हणणं, आकडे वाकवत बसण्यात दिवस जातात, गोंदानं एका दुपारी वीस कार्डं होतात. झालीही. मी तेव्हाच म्हटलं होतं की पावसाळा येऊ द्या. त्यावर त्यांनी गिऱ्हाइकासमोर मला सांगितलं, ‘वहिनी, तुम्ही अस्तरांचं बघा.’ ते वाक्य मी विसरलेले नाही.

जुलैच्या एका सकाळी शटर वर केलं तर शेरवानीच्या बटणांचं सगळ्यात मोठं कार्ड भिंतीवर रिकामं लटकत होतं आणि खाली फरशीवर बटणांचा ढीग. मी बसून एक-एक उचललं. गोंद विरघळलेला नव्हता. प्रत्येक बटणामागे गोंदाचा गोळा होता आणि त्या गोळ्याला पुठ्ठ्याचा पातळ पापुद्रा चिकटलेला होता, खपली निघावी तसा. दमट हवेनं पुठ्ठ्याचा वरचा थरच सुटला होता. काही धातूच्या बटणांच्या बाबतीत उलटं झालं होतं: गोंद कार्डावरच राहिला आणि गुळगुळीत बटण त्यातून अलगद निसटलं. एकूण शहात्तर बटणं. नंबर कार्डावर, बटणांखाली लिहिलेले. कुठलं बटण कुठल्या नंबराचं, हे सांगणारं काहीच उरलं नाही. पितळी ॲन्टिक फिनिशची बटणं समोरून जुळ्यासारखी दिसतात. फरक असतो तो काठाच्या नक्षीत आणि कडीच्या उंचीत.

त्याच दिवशी साताऱ्याचे एक टेलर मास्तर आले. बारा शेरवान्यांचं काम होतं, एकाच लग्नातलं. त्यांनी आदल्या आठवड्यात त्या कार्डावर बोट ठेवून एक बटण ठरवलं होतं, फक्त नंबर लिहून नेला नव्हता. मी ढिगातून चार बटणं काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कापड खाली धरून एकेक पाहिलं आणि म्हणाले, ‘यातलं कुठलं ते मला आता सांगता येत नाही, ताई.’ त्यांनी दुसरीकडून घेतली. बारा शेरवान्यांची बटणं म्हणजे एका ग्रोसच्या, १४४ च्या, घरात गेलेला माल. शिवाय मास्तर पुढे कधी आले नाहीत, ते वेगळंच.

तेव्हापासून कार्डं मी करते. नंबर कार्डावर बटणाखाली नाही, बटणाच्याच मागच्या बाजूवर, पेन्सिलीनं, आणि तोच नंबर कार्डाच्या मागेही. शेजारी माप. हे तुम्हाला माहीत असेलच, बटणाचं माप लाइनमध्ये मोजतात: ४० लाइन म्हणजे एक इंच, शर्टाच्या पट्टीला १८, कॉलरला १६, कोटाच्या बाहीला २४, पुढे ३२. मी एका कार्डावर एकाच घडणीची बटणं घेते आणि मापं वरून खाली लहान-मोठी लावते, म्हणजे मास्तर मंडळींना शोधावं लागत नाही.

स्टेपलबद्दलही कोणी ना कोणी तुम्हाला सुचवेल. पावसाळ्यात स्टेपल गंजते, पुठ्ठ्यावर तपकिरी डाग उतरतो आणि शिंपल्याच्या बटणाला ओरखडा जातो. शिंपल्याची आणखी एक अडचण म्हणजे तो मुळात चुनाच. आंबट वासाचं सिलिकॉन लावलंत तर त्यातल्या आम्लानं त्याची चमक मरते. सलग दोऱ्यानं शिवलेलं कार्ड दिसतं छान, पण एक बटण काढायला दोरा कापला की पूर्ण ओळ ढिली.

भाऊजी म्हणायचे की जगात कोण आकडे वाकवत बसतं. अमेरिकेत बटणं जमवणाऱ्यांची नॅशनल बटन सोसायटी १९३८ पासून आहे. तिथली माणसं शंभर-दीडशे वर्षांची बटणं ९ बाय १२ इंची कार्डांवर लावून स्पर्धेत मांडतात आणि बटण मागून बारीक तारेनं धरतात, चिकटवत नाहीत. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. मी ते पान छापून भाऊजींना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला.

यंत्राचं म्हणाल तर दीडशे बटणांसाठी यंत्र घेऊ नका. पक्कड, दाभण, पंच आणि पावशेर तार एवढ्यात भागतं. चार संध्याकाळी बसलात तर कार्डं भरून होतील. पुठ्ठा मात्र जाड घ्या, किमान दोन मिलिमीटर, आणि मागून कापड खळीनं लावा, नाहीतर छिद्रं मोठी होत जातात.

आकड्याच्याही अडचणी आहेत, त्या सांगायला हव्यात. पितळी तार वारंवार उलगडली की तुटते, म्हणून जास्त मागणीच्या बटणांचे आकडे वर्षातून एकदा बदलावे लागतात. पायांची टोकं टोचतात. कार्ड लहान मुलांच्या हाती लागणार असेल तर मागे कापडी पट्टी लावा. टिचबटणाला हे चालत नाही, ते सरळ कापडाच्या पट्टीवर टाकून दाखवा. शेरवानीच्या फार जड बटणांना आकड्याऐवजी डॉक्टरांच्या कोटाच्या बटणामागे असते तशी छोटी रिंग जास्त टिकते. आणि तुमची कार्डं नमुन्याची नसून गिऱ्हाईक अख्खं कार्डच विकत घेणार असेल, तर दोऱ्यानं शिवा किंवा टॅगची प्लॅस्टिक पिन मारा. तिथं बटण काढून बघायचा प्रश्नच नाही.

भाऊजी आजही म्हणतात की पद्धत बरोबर होती, गोंद हलका निघाला. शहात्तरपैकी त्रेपन्न बटणं मी पुढच्या दोन दिवसांत जुन्या बिलांवरून आणि मागवलेल्या पाकिटांवरून जुळवली. तेवीस उरली, ती बिस्किटांच्या एका डब्यात ठेवली आहेत. गोंदाचा विषय निघाला की मी तो डबा त्यांच्यापुढे ठेवते आणि विचारते, ही कुठल्या नंबराची ते सांगा.