हॉलमध्ये शांत वाटावं म्हणून खडकांचा फोटो लावायचाय. अँटिलोप कॅनियनचा घेऊ का?

तुमचा प्रश्न वाचला आणि बाणेरचा आमच्या मेव्हण्याचा हॉल डोळ्यांसमोर आला. सोफ्यावर पाच फुटी, चकचकीत काचेतला, ॲरिझोनाचा तोच केशरी फोटो. संध्याकाळी कॅनियन कमी आणि ट्यूबलाइट जास्त दिसते. तरी येईल त्याला समोर बसवून विचारतो, "कसं शांत वाटतं ना?" मला तर तिथं उकडतं. पाण्यानं कोरलेला वालुकाश्म देखणा आहे, नाही कोण म्हणतंय? पण त्याच घळीत १९९७ च्या ऑगस्टमध्ये लांबच्या पावसाचा लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. हे मी दिवाळीच्या फराळाला बोललो, तेव्हापासून आमचं जरा ताणलेलंच आहे.

माझ्या भिंतीवर निघोजच्या रांजणखळग्यांचा, म्हणजे नदीनं खडकात कोरलेल्या रांजणासारख्या खड्ड्यांचा, फोटो आहे. त्यावर त्याचं उत्तर होतं, "दाजी, काळा दगड घरात? तोही नगर जिल्ह्यातला?" या एका वाक्यापायी मी चार खेपा घातल्या. पहिल्यांदा भर दुपारी पोचलो. काळा बेसाल्ट आणि डोक्यावर ऊन, फोटो आला तो डांबरी रस्त्यासारखा. शिवाय कॅमेरा काळ्याला राखाडी करायला बघतो, म्हणून एक्स्पोजर एखादा स्टॉप खाली, म्हणजे प्रकाश निम्म्यावर, घ्यावं लागतं, हे घरी येऊन कळलं. चौथ्या खेपेला पहाटे चारला निघालो, बायको मागच्या सीटवर थर्मास कवटाळून झोपलेली. शिरूर मागे पडलं तरी अंधारच होता. ऊन आडवं आलं तसा एकेका रांजणाचा काठ उजळत गेला. कुकडीच्या प्रवाहात गोटे गरगरत राहिले आणि खडक आतून घासत गेले, त्या वळ्या अगदी चाकावरच्या मडक्यासारख्या. एका रांजणात हिरवट पाणी होतं आणि तळाशी तांब्याएवढे तीन गोटे. तोच फोटो लावलाय.

तर घ्यायचाच असेल तर मॅट कागदावर घ्या, चकचकीत काच नको. रुंदी सोफ्याच्या दोनतृतीयांश, मध्य डोळ्यांच्या उंचीला. २४ मेगापिक्सेलचा फोटो ४० इंचांपर्यंत सहज जातो, कारण हॉलमध्ये कोणी भिंतीला नाक लावून बघत नाही. फ्रेम करताना माउंट, म्हणजे फोटो आणि काच यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट, सोडू नका. माझी पहिली प्रिंट एका फ्रेमवाल्यानं थेट काचेला टेकवून दिली होती. जुलैत भिंतीला ओल आली आणि प्रिंट काचेला चिकटली ती चिकटलीच.

आता खरं सांगायचं तर हॉल अंधारा असेल तर काळा दगड लावू नका, गुहेत बसल्यासारखं होईल. तिथं केशरी चालेल एक वेळ. आणि निघोजला पावसाळ्यात फोटोसाठी जाऊ नका. खळगे पाण्याखाली जातात, दगड बुळबुळीत असतो आणि रांजण वाटतात त्याहून खोल आहेत.

परवा मेव्हण्याच्या पोरानं मोबाइलच्या वॉलपेपरसाठी माझा फोटो मागून घेतला. दिला. बापाला दाखवू नकोस असं काही म्हटलं नाही.