गाळाखाली पुरलेला ज्वालामुखी विमानातून कसा सापडतो? सह्याद्रीत असा शोध घेता येईल का?

चुंबकीय सर्वेक्षणाची आकडेवारी तपासणं हे माझं काम आहे, म्हणून लिहितो.

विमानातून ज्वालामुखी 'दिसत' नाही. बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा निवून बनलेल्या काळ्या खडकात, मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा निवताना तापमान साधारण 580 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात पक्की होते. नंतर वर कितीही वाळू साचली तरी ती खूण पुसत नाही. शेत नांगरावं तशा समांतर रेषांत उडत मॅग्नेटोमीटरने (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राने) ही खूण मोजतात. सूर्यामुळे क्षेत्र दिवसभर हलत असतं, म्हणून जमिनीवरही एक मॅग्नेटोमीटर चालू ठेवून तो फरक वजा करतात. (त्याच्याजवळ जीप लावू नका, हे प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगावंच लागतं.)

याचं सगळ्यात गंभीर उदाहरण अमेरिकेतल्या नेवाडाचं. तिथल्या युक्का माउंटनखाली अणुकचरा पुरायचा बेत होता. जवळच लॅथ्रॉप वेल्स हा सुमारे 77 हजार वर्षांपूर्वीचा ज्वालामुखीचा शंकू उघड्यावर उभा आहे. पुन्हा उद्रेक होण्याची शक्यता काढायची तर आधी किती झाले ते मोजायला हवं, आणि गाळाखालचे सुटले तर हिशेबच चुकणार. म्हणून 2004 मध्ये हेलिकॉप्टरने बारकाईने सर्वेक्षण केलं, मग निवडक जागी बोअर घेतले. अमारगोसा वाळवंटातल्या एका जागी गाळाखाली जवळपास 38 लाख वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट आहे. त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते, त्यामुळे नकाशावर तिथे उंचवट्याऐवजी खळगा दिसतो. काही जागी मात्र बेसॉल्ट नव्हताच, भ्रंशांनी (खडक जिथे तुटून सरकतो त्या भेगांनी) सरकलेला जुना टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा खडक होता. माझ्या मते बोअर घेतल्याशिवाय 'ज्वालामुखी सापडला' म्हणूच नये. मेक्सिकोतल्या युकातानच्या किनाऱ्याजवळ भूभौतिकतज्ज्ञ ग्लेन पेनफिल्डना 1978 मध्ये अशाच हवाई नकाशात भलं मोठं अर्धवर्तुळ दिसलं होतं. ते निघालं चिक्शुलुबचं अशनिविवर!

आता सह्याद्री. तिथे अडचण उलटी आहे. नेवाडात बेसॉल्ट चुंबकीयदृष्ट्या शांत गाळात उठून दिसतो; आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बेसॉल्टच, काही थर सुलट तर बरेच उलट चुंबकत्वाचे. शिवाय दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांतून आला असं मानतात, त्यामुळे पुरलेले शंकू शोधण्यापेक्षा डाइक, म्हणजे भेगांतच गोठलेल्या लाव्हाचे उभे पट्टे, शोधावेत. धुळे-नंदुरबारकडे तर ते भिंतीसारखे जमिनीवरच उभे आहेत, त्यासाठी विमान लागत नाही.