सफरचंदात अळी निघतेय? फवारा बाजूला ठेवा, आधी झाडाखाली बघा

प्रश्न: परसात सफरचंदाची दोन झाडं आहेत. फळ वरून छान दिसतं पण कापलं की आत अळी, निम्मी फळं फेकून द्यावी लागतात. पानांवर आणि फळांवर काळपट डाग पण आहेत. अळीचं औषध तीनदा मारलं, काडीचा फरक नाही. आता काय मारू?

उत्तर: आता काहीच मारू नका. तुमच्या झाडांना दोन वेगळी दुखणी आहेत, औषध एकाचंच मारलंत आणि तेही उशिरा. ही अळी कोडलिंग मॉथ नावाच्या पतंगाची दिसते. मादी पानांवर नाहीतर फळावर अंडी घालते, अंड्यातून निघालेली अळी दिवसभरातच फळात घुसते, आणि एकदा आत गेली की वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत ते पोचतच नाही. फळावर भोक आणि भोकाच्या तोंडाशी तपकिरी भुशासारखी विष्ठा दिसली ना, की ते फळ उभं चिरून बघा, बोगदा थेट गाभ्यापर्यंत गेलेला असतो कारण तिला बिया खायच्या असतात.

घरच्या झाडाला कागदी पिशवीसारखा उपाय नाही असं माझं स्पष्ट मत आहे. फळं बोराएवढी झाली की विरळणी करा, झुपक्यात एकच ठेवा, त्याला पिशवी घाला आणि तोंड देठाशी नीट बंद करा. वेळखाऊ काम आहे खरं, पण मोजक्या झाडांना जमतं. भोक पडलेलं फळ लगेच तोडा, खाली पडलेली रोज उचला आणि कंपोस्टमध्ये टाकू नका, अळी तिथून बाहेर पडते, त्यापेक्षा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. अळी पोसली की फळ सोडते आणि कोष करायला खोडाच्या सालीखाली जागा शोधते, तिथेच तिला गाठायचं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा खोडाला गुंडाळा, नळ्या उभ्या राहतील असा, आणि दर आठवड्याला सोडून बघा. नळ्यांमध्ये पांढऱ्या जाळीत तपकिरी डोक्याची, फिकट गुलाबी अळी सापडेल. पुठ्ठा विसरलात तर मात्र तुम्हीच तिला घर बांधून दिल्यासारखं होईल!

डाग बहुतेक स्कॅबचे आहेत. ही बुरशी आहे, तिला अळीचं औषध लागू पडणार कसं? ती गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतातल्या पावसात तिचे बीजाणू कोवळ्या पानांवर उडतात, पान साधारण 20 अंश तापमानाला 9-10 तास ओलं राहिलं की लागण झालीच समजा. म्हणून पानगळ झाली की झाडाखालचं पान न् पान गोळा करा, छाटणी करून मधे ऊन-वारा खेळू द्या, पाणी बुंध्याशी द्या. गंधक किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशक पावसाच्या आधी मारलं तरच कामाचं, पडलेला डाग त्याने जात नाही. आणि फुलं उघडी असताना कीटकनाशक अजिबात नको, मधमाश्या मेल्या तर फळं धरणार कशी.

प्रश्न: फांद्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय, बुरशी आहे का?

उत्तर: बोटाने चिरडून बघा. लालसर डाग पडला तर तो लोकरी मावा. साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून घासून काढा आणि मुंग्या खोडावर चढत असतील तर चिकटपट्टी लावा, कारण मुंग्या गोड चिकट्यासाठी माव्याची राखण करतात. काही मावे काळे पडलेले आणि पाठीवर गोल भोक असलेले दिसले तर खूश व्हा, एक अगदी छोटी गांधीलमाशी तुमचं काम करतेय. जहाल औषध मारलंत तर आधी तीच मरेल.

प्रश्न: शेंडा जळाल्यासारखा काळा पडून छत्रीच्या मुठीसारखा वाकलाय.

उत्तर: ही फायर ब्लाइटची लक्षणं, जिवाणूजन्य रोग आहे, थांबू नका. कोरड्या दिवशी, काळ्या भागाच्या किमान 30 सेंटीमीटर खाली निरोगी लाकडात कापा, प्रत्येक कापाआधी कात्री 70 टक्के अल्कोहोलने पुसा, आणि कापलेलं झाडाखाली पडू देऊ नका.