तुमचे प्रश्न : सौम्य स्वभाव आणि रोजचं घर

या वेळच्या पत्रांत बायबलमधलं एकच वचन पुन्हा पुन्हा येतं, 1 पेत्र 3:3-4 (प्रेषित पेत्राचं पहिलं पत्र). केसांची वेणी, सोनं, उंची वस्त्रं यांपेक्षा सौम्य आणि शांत आत्मा देवाला मोलाचा, असं पेत्र तिथे लिहितो. त्यावरचे तीन प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या गल्लीत आठवड्याने नळ येतो. त्या सकाळी पाणी, डबे, शाळा सगळं एकदम. मी मुलांवर इतकी ओरडते की रविवारी उपासनेत बसायची लाज वाटते. प्रार्थना करते, पण राग जात नाही. (परभणी)

ताई, प्रार्थना सोडू नका, पण नळाच्या दिवसाची तयारीही करा. असा राग बराचसा घाईतून आणि अपुऱ्या झोपेतून येतो. आदल्या रात्रीच हंडे आणि टाकी धुऊन ठेवा, नळी जोडून ठेवा, दप्तरं भरून दाराशी लावा. मग भांडी तशीच राहिली तरी चालेल, अर्धा तास लवकर झोपा.

सकाळी एका खोलीतून दुसरीत ओरडून काम सांगू नका. जवळ जा, मुलाकडे बघा आणि एका वेळी एकच काम सांगा. ‘आवर, दूध पी, बूट घाल, बहिणीला उठव’ असं एका दमात सांगितलं की पोर त्यातलं एखादंच करतं आणि आपला आवाज चढतो. ‘माझ्या मुखावर पहारा ठेव’ ही स्तोत्र 141 मधली विनवणी हंडा भरेपर्यंत मनात म्हणत राहा.

तरी ओरडलातच, तर त्याच दिवशी माफी मागा. ‘मी ओरडले, माझं चुकलं’, एवढंच. पुढे ‘पण तूही...’ आलं की ती माफी राहत नाही, नवी तक्रार होते.

पुष्कळजणींचं इथे बिघडतं. ओरडायचं नाही म्हणून त्या अबोला धरतात. अबोला हाही रागच, आणि त्यात मुलाला काय चुकलं ते कळतही नाही. काहीजणी आठवडाभर गिळतात आणि शनिवारी सगळा जुना हिशेब बाहेर काढतात. सांगायचं ते त्याच संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, एकाच गोष्टीबद्दल सांगा. आवाज मुळातच मोठा असेल तर त्याची खंत नको. शेताच्या बांधावरून हाक मारायची सवय असलेली बाई हळू कशी बोलणार? शब्द टोचतात का, तेवढं बघा.

प्रश्न : नवरा पिऊन मारतो. चर्चच्या मंडळीतल्या मोठ्या बायका म्हणतात, सौम्यपणे सोस, तो बदलेल. शास्त्र असंच सांगतं का? (बीड जिल्हा)

नाही. बायकोचं शुद्ध वागणं पाहून नवरा जिंकला जाईल, असं पेत्र म्हणतो; मार खाऊन जिंकला जाईल, असं म्हणत नाही. त्याच अध्यायाच्या 7व्या वचनात नवऱ्याला ताकीद आहे की बायकोला मान दे, नाहीतर तुझ्या प्रार्थनांना अडथळा येईल. हे वचन पुरुषांच्या सभेतही वाचलं गेलं पाहिजे.

1 शमुवेल 25 मधली अबीगईल बघा. तिच्या नवऱ्याने, नाबालाने, दावीदाचा अपमान केला आणि दावीद 400 माणसं घेऊन चालून निघाला. तिने नवऱ्याला न सांगता 200 भाकरी, द्राक्षारसाचे 2 बुधले, 5 मेंढरांचं मांस, अंजिराच्या 200 ढेपा गाढवांवर लादल्या, वाटेत दावीदाला गाठलं आणि घर वाचवलं. परतली तेव्हा नाबाल झिंगलेला होता, म्हणून सकाळपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तुम्हीही प्यालेल्या माणसाशी वाद घालू नका. त्या वेळी स्वयंपाकघरात थांबू नका, दाराजवळ राहा.

तातडीला 112, सल्ल्याला महिलांसाठीचा 181 क्रमांक. दवाखान्यात खरं कारण सांगा. ‘पाय घसरला’ म्हणालात तर केसपेपरवर तेच लिहिलं जातं. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही, आणि त्याच घरात राहण्याचा आदेश कोर्टाकडून मिळू शकतो. आधार, रेशनकार्ड, पासबुक, लग्नाचा दाखला यांच्या झेरॉक्स विश्वासातल्या बाईकडे ठेवा. पाळकांना ‘जरा समजवा’ असं मोघम सांगू नका. कधी, काय झालं, ते तारखेसकट सांगा. क्षमा माहेरी राहूनही करता येते.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरलंय. विश्वासणाऱ्यांनी सोनं, गजरा वापरूच नये का? (जालना)

पेत्र सोनं आणि वस्त्रं एकाच वाक्यात घेतो. सोनं वर्ज्य धरलं तर कपडेही वर्ज्य धरावे लागतील! अब्राहामाच्या सेवकाने रिबकेला सोन्याची नथ आणि बांगड्या दिल्याच होत्या (उत्पत्ती 24). क्रूस ओवलेलं मंगळसूत्र तर आपल्याकडे घरोघरी आहे.

पैसा कुठून येतो, हे मात्र विचारा. बचत गटाचं कर्ज शेळीला, शिलाई मशीनला ठीक. पाटल्यांसाठी काढलं की सोनं कपाटात आणि हप्ते मजुरीतून. सराफाकडे जाण्याआधीच रक्कम ठरवा. घडणावळ मोडीत परत मिळत नाही, म्हणून नक्षी कमी असलेला दागिना घ्या आणि हॉलमार्क बघा. गजरा खुशाल माळा.