कागदावर कोणाची नावं येतात?

"मॅडम, चोरी केल्यासारखं वाटतंय," ती बसता बसता म्हणाली. चोरी कसली? हातात नोकरीचं पत्र होतं, रुजू व्हायला बारा दिवस होते, आणि चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायला तिची परवानगी आहे.)

तिची गोष्ट अशी. वय सव्वीस, विशेष शिक्षणातली पदवी. पुढच्या शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठात अर्ज केलेला, निकाल चार-पाच महिन्यांनी. प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही मिळालं तरच जाणार. तोवर घरात पैसे तर हवेत. म्हणून तिनं दोन ठिकाणी मुलाखती दिल्या आणि दोन्हीकडून होकार आला. एक स्वमग्न मुलांचं केंद्र, दुसरं एका कंपनीतलं हिशेबाचं काम. मन अर्थातच केंद्राकडे. तिथल्या संचालिकांनी मुलाखतीत विचारलं होतं, "दोन-तीन वर्षं तरी राहशील ना?" ही "हो" म्हणाली होती.

मी समुपदेशक, त्यामुळे असे लोक माझ्याकडे वरचेवर येतात. कुणी स्पर्धा परीक्षेच्या निकालाची वाट बघत असतं, कुणाच्या नवऱ्याची बदली होणार असते, कुणाला स्वतःचा धंदा काढायचा असतो. सगळ्यांचा प्रश्न एकच: सोडायची हे माहीत असताना नोकरी धरली, तर ती फसवणूक का?

मैत्रिणींनी तिला समजावून झालं होतं. "तुला काढायची वेळ आली तर ते विचार करतील का?" हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. नोकरी देणाऱ्याचं पारडं जड असतं हे खरं. नोटीस पिरियड असतो तोच मुळी माणूस कधीतरी जाणार हे धरून. प्रोबेशनमध्येही दोघं एकमेकांना पारखत असतात. पण पारखणं वेगळं आणि जायचं पक्कं ठरवून पारखल्याचं दाखवणं वेगळं.

मी पहिल्यांदा विचारलं, "जायचं ठरलंय की जावंसं वाटतंय?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "मिळालं तर जाणारच. मिळेल का ते माहीत नाही." हा फरक लहान नाही. ज्याचं तिकीट काढून झालंय त्यानं "दोन वर्षं राहीन" म्हणणं सरळ खोटं आहे. ज्याचा नुसता अर्ज पडलाय त्याच्याकडे शक्यता आहे, आणि मनातली प्रत्येक शक्यता मुलाखतीत ओतायला आपण बांधलेले नसतो. काही गोष्टी तर विचारण्याचाच समोरच्याला हक्क नसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात (क्रमांक १८३) नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या स्त्रीकडे गरोदरपणाची चाचणी मागायला, काही अपवाद सोडले तर, मनाई आहे.

पण हिच्या बाबतीत प्रश्न योग्य होता, थेट होता, आणि उत्तरावर कुणीतरी विसंबणार होतं. बोच तिथं होती. अपॉइंटमेंट लेटरमध्ये न लिहिलेल्या अशा परस्पर अपेक्षांना आमच्या क्षेत्रात 'मानसिक करार' म्हणतात. कामाच्या ठिकाणच्या माणसांच्या वागण्याचे अभ्यासक ख्रिस आर्गिरिस यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली आणि त्याच क्षेत्रातल्या डेनिस रूसो यांनी १९८९ पासून ती सविस्तर उलगडली. तो मोडला तर कोर्टात कुणी खेचत नाही. माणसं दुखावतात मात्र खरीखुरी.

मी तिला कोरा कागद दिला. "समज, पाच महिन्यांनी तू गेलीस. पुढच्या सोमवारी सकाळी कोणाकोणाची पंचाईत होईल? 'संस्था' लिहायचं नाही, माणसं लिही."

हिशेबाच्या कामासमोर तिनं बराच वेळ पेन धरलं आणि एकही नाव लिहिलं नाही. "महिनाभराच्या नोटिशीत दुसरं कुणीही शिकेल," ती म्हणाली. तिथं कुणी किती वर्षं राहणार म्हणून विचारलंही नव्हतं.

केंद्रासमोर मात्र नावं थांबेनात. निवृत्तीला आलेल्या बाई, ज्या सहा महिने हिला तयार करणार होत्या आणि मग घरी बसणार होत्या. चार मुलं, जी रोज एकेकटी हिच्यासमोर बसणार होती. तिनंच मला सांगितलं, की अशा अनेक मुलांना रोजचा क्रम, रोजचं माणूस बदललेलं सहन होत नाही. एका मुलानं नव्या शिक्षिकेला स्वीकारायला तीन महिने घेतले होते. हे सांगताना तिचा आवाज बदलला. मी काही बोलले नाही. आम्हा समुपदेशकांनाही काम सोडताना निरोपाची बैठक आधीपासून ठरवावी लागते, एका दिवसात नाहीसं होता येत नाही. उमेदवारीच्या काळात मी एकदा तशी नाहीशी झाले होते. ते अजून टोचतं, पण ती माझी गोष्ट.

"मग नाही म्हणू?" तिनं विचारलं. मी सांगणार नव्हते. एवढंच म्हटलं, की खरं सांगणं आणि नाही म्हणणं या दोन गोष्टी आहेत. ठरवू दे त्यांना.

तिनं संचालिकांना लिहिलं: तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाईनं हो म्हणाले, अर्ज केलेला आहे, जाण्याची शक्यता आहे, चालत असेल तर मला एकेकट्या मुलांऐवजी गटाच्या तासाला मदतनीस म्हणून घ्या. सहा दिवसांनी उत्तर आलं. सौजन्यानं लिहिलेलं, पण नकारच. मदतनिसाची जागा नव्हती.

ती हिशेबाच्या कामाला लागली. आणि प्रवेश मिळाला नाही. केंद्रातली जागा तोवर भरली होती. म्हणजे गप्प राहिली असती तर आज ती त्या मुलांबरोबर असती, आणि कुणाचंच नुकसान झालं नसतं. ती एकदा फोनवर म्हणाली, "पश्चात्ताप होतोय का ते विचारू नका, काही दिवस होतो." मीही सारवासारव केली नाही. तिला खरं बोलण्याची किंमत मोजावी लागली, आणि ती काही थोडी नव्हती.

मागच्या महिन्यात पुन्हा फोन. यंदा पुन्हा अर्ज करतेय, साहेबांना आत्ताच सांगू का?

"कागद काढलास?" मी विचारलं.

"काढला. गेल्या खेपेला इथल्यासमोर कोरा होता," ती म्हणाली. "या वेळी दोन नावं आलीत. एक नवीन मुलगा आहे, त्याला मीच शिकवतेय."