वाचकांचे प्रश्न : मेरिट लिस्ट नसलेला प्रवेश

प्रश्न : माझी मुलगी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीला तिला ९६ टक्के होते आणि सध्या जेईईचा क्लास चालू आहे. एमआयटी किंवा तशाच एखाद्या अमेरिकी विद्यापीठात अभियांत्रिकी शिकण्याची तिची इच्छा आहे. तिथे किती गुण लागतात? जेईईच्या रँकचा उपयोग होतो का? आम्ही दोघे नोकरी करतो, पण एवढा खर्च आम्हाला पेलणार नाही. (एक आई, नाशिक)

उत्तर : किती गुण लागतात, याचे उत्तर देता येत नाही, कारण तिथे कटऑफ नसतो आणि मेरिट लिस्टही लागत नाही. उत्तम गुण असलेच पाहिजेत. मात्र तसे गुण असलेल्या शंभर परदेशी अर्जदारांपैकी एमआयटीत दोघांच्या आसपास घेतले जातात आणि ते दोघे कोण, हे संपूर्ण अर्ज वाचून ठरते. जेईईची रँक अर्जात नमूद करता येते, पण ती कोणी मागत नाही. शिवाय नियमित फेरीचा अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला भरायचा असतो, म्हणजे बारावीच्या वर्षातली जेईई मेन तोवर झालेलीही नसते. एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा अनिवार्य केलेली सॅट ही प्रवेशासाठीची प्रमाणित परीक्षा (किंवा तिच्याऐवजी एसीटी) मात्र द्यावी लागेल. याउलट बर्कलेसह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व शाखा प्रवेशासाठी सॅटचे गुण पाहतच नाहीत.

आपल्याकडच्या मुलांची खरी अडचण गुणांपेक्षा कागदपत्रांत होते. अमेरिकी हायस्कूल नववी ते बारावी असे सलग चार वर्षांचे असते आणि त्या चारही वर्षांचे गुण मागितले जातात. आपल्या मुलीची नववी-दहावी एका शाळेत झाली आणि अकरावी-बारावी दुसऱ्या संस्थेत होत आहे. नववीचे गुण तर बहुधा प्रगतिपुस्तकावरच असतील. ते जपून ठेवावे आणि जुन्या शाळेकडून लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह गुणपत्रक आताच घ्यावे, कारण दिवाळीच्या सुट्टीत शाळेचे कार्यालय बंद असते आणि अनेक विद्यापीठांच्या पहिल्या फेरीची मुदत १ नोव्हेंबरला संपते.

याहून अवघड भाग शिफारसपत्रांचा आहे. एमआयटीला दोन शिक्षकांची पत्रे लागतात : एक गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचे आणि दुसरे भाषा, मानव्यविद्या किंवा सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्याचे. महाविद्यालयात नाव असले तरी दिवस क्लासमध्ये जाणार, प्रॅक्टिकलपुरती हजेरी लागणार, अशा 'इंटिग्रेटेड' व्यवस्थेत वाढलेल्या मुलीला ओळखणारा भाषेचा शिक्षक कुठून आणायचा? 'ती हुशार व शिस्तप्रिय आहे' एवढेच लिहिलेले पत्र तिला उपयोगी पडत नाही. म्हणून माझा आग्रह असा की, या वर्षी तिने इंग्रजीच्या किंवा मराठीच्या तासाला नियमित बसावे, प्रश्न विचारावेत, लिहिलेले काही दाखवावे. (पत्र मराठीत लिहिले गेले, तर सोबत इंग्रजी भाषांतर द्यावे लागते.) कॉमन ॲप नावाच्या सामाईक अर्जात समुपदेशकाचाही अहवाल असतो, आपल्याकडे ते काम प्राचार्यांवर येते आणि त्यांना ही प्रक्रिया नवी असण्याची शक्यता असल्याने ती आधी समजावून सांगावी लागते.

वर्गाबाहेरच्या गोष्टींसाठी कॉमन ॲपमध्ये दहा नोंदींची जागा असते आणि प्रत्येक नोंदीच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा असते. प्रमाणपत्रांचा ढीग तिथे मावत नाही. समजा, मुलीने आजोबांच्या द्राक्षबागेतल्या विहिरीसाठी पाण्याची पातळी मोजणारे साधे यंत्र जोडले, ते दोनदा बिघडले आणि तिसऱ्यांदा चालले, तर ही एक नोंद पाच ऑलिंपियाडांच्या सहभाग-प्रमाणपत्रांपेक्षा वाचणाऱ्याला अधिक काही सांगते.

आता पैशांविषयी. नामांकित खासगी विद्यापीठांत शुल्क, निवास आणि भोजन मिळून वर्षाला ८० हजार डॉलरच्या पुढे खर्च येतो. एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ अशी मोजकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती न पाहता निवड करतात आणि नंतर कुटुंबाची गरज पूर्ण भागवतात. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल मदत देतात, पण परदेशी अर्जदाराने ती मागितली आहे, हे निवडीच्या वेळी विचारात घेतात. (कॉर्नेलमध्ये टाटांच्या देणगीतून भारतीय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे.) बर्कले, इलिनॉय, पर्ड्यू ही अभियांत्रिकीची मोठी नावे सरकारी विद्यापीठांची आहेत, परदेशी विद्यार्थ्याला तिथे फारशी मदत मिळत नाही. तेव्हा आपण यादी क्रमवारी पाहून न करता मदतीच्या धोरणावरून करावी आणि इथली जेईई-सीईटीची तयारी सोडू नये.

प्रश्न : आमच्या सल्लागारांच्या मते 'अर्ली डिसिजन'ने अर्ज केल्यास संधी वाढते. निबंधही तेच लिहून देणार आहेत. काय करावे? (एक वडील, पुणे)

उत्तर : अर्ली डिसिजन, म्हणजे लवकरच्या फेरीत एकाच विद्यापीठाला केलेला बंधनकारक अर्ज, हा करार आहे. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळा अशा तिघांच्या सह्या असतात. निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात आणि मिळालेली मदत कुटुंबाला खरोखर अपुरी पडत असेल तरच त्यातून सुटता येते. दोन विद्यापीठांच्या मदतीची तुलना करायची संधी मिळत नाही. तेव्हा पैशांची सोय पक्की असेल आणि मुलाचे मन एकाच ठिकाणी असेल, तरच हा मार्ग घ्यावा. एमआयटीची लवकरची फेरी अर्ली ॲक्शनची आहे, ती बंधनकारक नाही. दोन्ही नावे सारखीच वाटत असल्याने सही करण्यापूर्वी शब्द नीट वाचावा.

निबंध मात्र मुलानेच लिहावा. मजकूर आपलाच असल्याचे अर्जदार सहीनिशी सांगतो, हे एक कारण. दुसरे असे की, ६५० शब्दांत सतरा वर्षांचा मुलगा चाळिशीतल्या माणसासारखा बोलू लागला, तर रोज असे निबंध वाचणाऱ्याला ते कळते. सल्लागारांना शुल्क दिलेच असेल, तर त्यांच्याकडून मुदतींचे वेळापत्रक आणि मदतीचे अर्ज तपासून घ्यावेत.