घराभोवती साप निघतात. कार्बोलिक ॲसिड शिंपडलं तर उपयोग होतो का?

नाही होत. कार्बोलिक, फिनेल, डांबराच्या गोळ्या, लसणीचं पाणी, यातल्या कशानंही साप अडत नाही. उलट कार्बोलिक अंगाला लागलं तर कातडी भाजते, आणि तुम्ही लिहिलंय की घरात रांगतं मूल आहे. ती बाटली आजच घराबाहेर काढा.

पण मला लिहावंसं वाटलं ते तुमच्या पुढच्या ओळीमुळे. "सासरे म्हणतात, दिसेल तो साप मारलाच पाहिजे, नाहीतर एक दिवस घरातलं माणूस जाईल." आमच्या घरात हा वाद वर्षानुवर्षं चाललाय.

आमचं घर सिंधुदुर्गात, कातळाच्या पायथ्याशी. मागे काजूची बाग, बाजूला गोठा, पुढे भाताचे कोपरे, चहूकडे जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. इथे साप असणारच. गोठ्याच्या माळ्यावर धामण, गडग्यात नाग, विहिरीपाशी दिवड, वर कातळावर दगडांखाली फुरसं. आजी गोठ्यातल्या धामणीला राखणदार म्हणायची. तिन्हीसांजेनंतर साप हा शब्दही उच्चारू द्यायची नाही, 'जनावर' म्हणायचं. मी देवभोळी नाही. पण त्या समजुतीमुळे कुणी धामणीवर काठी उचलली नाही आणि ती माळ्यावरचे उंदीर खात राहिली, एवढं मला पुरे आहे.

एका वर्षी गणपतीत घर भरलं होतं. भजन आटपून पोरं पडवीत सतरंज्या टाकून ओळीनं झोपली होती. पहाटे माझा चुलतभाऊ पोट धरून उठला. मोदक बाधले म्हणून कुणी ओवा दिला, कुणी सोडा. आईनं बॅटरी त्याच्या तोंडावर मारली आणि म्हणाली, "ह्यां खाल्ल्याचां दुखणां न्हय." त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या, जीभ जड झाली होती. अंगावर दाताची खूण म्हणावी तर कुठेच नव्हती. आई म्हणाली, मण्यार. तिची सख्खी बहीण अशीच गेली होती. पोटात दुखतंय म्हणून घरचे रात्रभर शेकत बसले होते.

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दात इतके बारीक की झोपमोडही होत नाही, सूज नाही, आग नाही. मग पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हे ज्याला माहीत नाही तो पित्ताची गोळी देऊन मोकळा होतो.

काका, म्हणजे त्या मुलाचे वडील, म्हणाले की पलीकडच्या गावात पान, म्हणजे सापाचं विष, उतरवणारा आहे, आधी तिकडे नेऊ. आई धाकटी सून. थोरल्या दिरासमोर तिनं कधी आवाज चढवला नव्हता. ती रिक्षाच्या आडवी उभी राहिली. "भावोजी, झील तुमचो आसा. पण गाडी दवाखान्यातच जातली." आणि गेली. ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष सुरू झालं, तरी श्वास मंदावत गेला. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत नर्स हातानं पिशवी दाबत त्याला श्वास देत राहिली. पुढे व्हेंटिलेटर. तो चालत घरी आला. त्या नर्सला आणि माझ्या आईला मी आयुष्यभर विसरणार नाही.

काकांनी रिक्षात त्याच्या दंडाला एक मुळी बांधली होती. पोरगा वाचला तो त्या मुळीनं, असं ते आजही सांगतात. एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसले असते. पण घरी परतल्यावर त्यांनी गोठ्यातली धामण ठेचून मारली आणि "हीच ती" म्हणून वाडीला दाखवली. धामणीला विष नसतं. मण्यार काळी कुळकुळीत, अंगावर पांढऱ्या आडव्या रेघा, शेपटीकडे जास्त ठळक. धामण पिवळट तपकिरी आणि तिच्या दुप्पट लांब. या दोघींत गफलत व्हायचं काही कारण नाही. राग आला होता, समोर सापडली ती मारली.

मुळीचं यश कुठून येतं तेही सांगते. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशी माणसं उपचाराशिवायही जगतात आणि श्रेय मुळीला जातं. ज्यांच्या अंगात विष भिनलेलं असतं, ती उतरवणाऱ्याच्या अंगणात वेळ घालवून मरतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यांतली.

तर तुमच्या सासऱ्यांना सांगा, घरातलं माणूस वाचवायचं असेल तर काठी खाली ठेवा आणि कॉट आणा. मूल आणि त्याची आई जमिनीवर झोपता कामा नयेत. मच्छरदाणी लावा, तिची कड गादीखाली चारी बाजूंनी खोचा. रात्री न्हाणीघराकडे जाताना बॅटरी आणि पायात चप्पल. लाकडांची माच आणि नारळाच्या सोडणांचा ढीग भिंतीपासून लांब हलवा, खुराडं घराला चिकटवू नका, उष्टं अंगणात टाकू नका. त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. काजूच्या बागेत पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पाल्यात, हात घालण्याआधी काठीनं चाळवा, बेणणीला, म्हणजे तण काढताना, गमबूट घाला. दाराखालची फट बुजवा. आम्ही एवढंच करतो. साप अजूनही आहेत, आणि त्या गणपतीनंतर घरात कुणाला पान लागलेलं नाही. काकांनी वाड्यातला गडगा पाडून सिमेंटची भिंत घातली, त्यांच्या पडवीतही साप निघतोच.

आता काही गोष्टी राहिल्या. मारू नका याचा अर्थ हातानं पकडा असा नाही. नाग किंवा घोणस घरात शिरली तर मुलाला घेऊन बाहेर पडा, एकानं लांबून नजर ठेवा आणि वन विभागाला १९२६ वर फोन करा. नाग, घोणस आणि धामण यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हेही सासऱ्यांच्या कानावर घाला. चावलाच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तो हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, चापडा नावाच्या विषारी सापावर नाही. तरी चापडा चावला तरीही दवाखान्यातच जायचं. आणि तुमच्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात प्रतिविष आहे, व्हेंटिलेटर कुठे आहे, ते पावसाआधी स्वतः जाऊन विचारून या.